उपदेश, मतपेटी आणि बाईचा निर्णय

(धामणगाव रेल्वे इथं महिला मंडळं, बचत गट आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

या शिबिराचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काहीजणींनी मला विचारलं, "ताई, गर्भपाताचा आणि निवडणुकीचा काय संबंध? आपल्याकडे तर कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव आणि लाडकी बहीण, यावरच सभा होतात." खरं आहे. आपला धामणगाव रेल्वे विधानसभा मतदारसंघ. जिल्हा अमरावती, पण लोकसभेला आपण वर्ध्याला जोडलेले. २०२४ मध्ये आपण एप्रिलला लोकसभेसाठी आणि नोव्हेंबरला विधानसभेसाठी रांगेत उभ्या राहिलो. त्या काळात मी ज्या सभांना, बैठकांना गेले तिथं गर्भपात हा शब्द एकदाही ऐकला नाही. उमेदवारांनी काढला नाही आणि बायकांनीही विचारला नाही.

मग आज हा विषय का? कारण जगात काही ठिकाणी हाच प्रश्न पुढे करून धार्मिक माणसांची मतं गोळा केली गेली, आणि त्यातून कायदे उलटले. ते कसं घडलं हे आपण समजून घेतलं पाहिजे. दुसरं कारण असं की आपल्या गटांमध्ये ख्रिस्ती बहिणी आहेत, भजनी मंडळात जाणाऱ्या आहेत, बुद्धविहारात जाणाऱ्या आहेत, मुस्लिम बहिणी आहेत. त्यांच्या मनात या विषयावर प्रश्न आहेत. ते दाबून ठेवून संघटना बांधता येत नाही.

आधी अमेरिकेकडे पाहू. जानेवारी १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'रो विरुद्ध वेड' या खटल्यात गर्भपाताचा निर्णय घेण्याचा हक्क बाईला राज्यघटनेनं दिलेला आहे, असा निकाल दिला. कॅथलिक चर्चचा विरोध पहिल्यापासून होता. पण प्रॉटेस्टंट मंडळ्यांचं तसं नव्हतं. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट संघ. १९७१ मध्ये त्यांनीच ठराव केला होता की बलात्कार, गर्भातला गंभीर दोष, आईच्या शरीराला किंवा मनाला इजा होण्याचा धोका अशा परिस्थितीत कायद्यानं गर्भपाताला मुभा असावी. १९८० मध्ये याच संघानं ठराव केला की आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपाताला बंदीच हवी. नऊ वर्षांत बायबल बदललं नव्हतं. बदललं होतं ते राजकारण.

१९७९ मध्ये जेरी फॉलवेल या पाळकानं 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना उभी केली. तिनं पाळकांना सांगितलं की आपल्या मंडळीतल्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करून घ्या. १९८९ मध्ये 'ख्रिश्चन कोएलिशन' आली. तिची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ती एक साधा कागद छापायची. त्यावर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उमेदवारांची नावं, आणि कोण कशाच्या बाजूनं, कोण विरोधात याचा तक्ता. निवडणुकीच्या आधीच्या रविवारी हे कागद चर्चमध्ये लाखोंच्या संख्येनं वाटले जायचे. 'अमक्याला मत द्या' असं त्यावर लिहिलेलं नसायचं, कारण १९५४ पासूनच्या करकायद्यानुसार करमाफी घेणाऱ्या धार्मिक संस्थांना उमेदवाराचा प्रचार करायला मनाई होती. पण तक्ता वाचल्यावर मत कोणाला द्यायचं हे सांगावं लागत नसे.

हे काम त्यांनी दर निवडणुकीत केलं. शाळा समितीपासून राष्ट्राध्यक्षापर्यंत. शेवटी न्यायाधीश कोण नेमतो इथपर्यंत ते पोचलं आणि २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १९७३ चा निकाल रद्द केला. त्यानंतर डझनाहून अधिक राज्यांत गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी आली. एकोणपन्नास वर्षांचा हक्क एका सकाळी गेला, पण तो घालवण्याची तयारी चाळीस वर्षं चालली होती.

यावरून कोणी असं समजेल की चर्चला जाणारी प्रत्येक बाई बंदीच्या बाजूनं मत देते. तसं नाही. निकालानंतर सहाच आठवड्यांनी कॅन्सस या राज्यात जनमत घेतलं. राज्य धार्मिक, पुराणमतवादी म्हणून ओळखलेलं. तिथं राज्यघटनेतलं गर्भपाताचं संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी पडला. चर्चला जाणाऱ्या लोकांच्या मतांशिवाय हे तिथं शक्यच नव्हतं.

आयर्लंडचं उदाहरण तर आपल्या फार जवळचं आहे. १९८३ मध्ये तिथं सार्वमत घेऊन राज्यघटनेत कलम घातलं की गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान. सुमारे ६७ टक्के लोकांनी त्याला होकार दिला. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवे इथल्या रुग्णालयात सविता हलप्पनवार दाखल झाल्या. मूळच्या आपल्या सीमाभागातल्या बेळगावच्या, पेशानं दंतवैद्य, वय ३१, सतरा आठवड्यांच्या गरोदर. गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. त्यांनी स्वतः गर्भपात करून मागितला. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून नकार मिळाला. रक्तात जंतुसंसर्ग पसरून २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. हा देश कॅथलिक आहे, असं त्यांना सांगितलं गेलं होतं; मृत्यूच्या चौकशीत रुग्णालयातल्या परिचारिकेनं तसं बोलल्याचं मान्य केलं. सविता स्वतः हिंदू होत्या. एका धर्माची श्रद्धा सगळ्यांचा कायदा झाली की ती श्रद्धा न मानणाऱ्या बाईलाही प्राणांनी किंमत मोजावी लागते, ती अशी.

२५ मे २०१८ रोजी आयर्लंडमध्ये पुन्हा सार्वमत झालं. ६६.४ टक्के लोकांनी ते कलम काढून टाकण्याच्या बाजूनं मत दिलं. त्याआधीच्या, २०१६ च्या जनगणनेत ७८ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हणवलं होतं. याचा अर्थ सरळ आहे. ज्यांनी होकार दिला त्यांतले बहुतेक कॅथलिकच होते. त्यांनी धर्म सोडला नाही. दुसऱ्या बाईवर तो कायद्यानं लादायला नकार दिला.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्याही आत आहे. आपल्या वऱ्हाडात कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये झाला. अलायन्स मिशनचं काम अकोला-अमरावती भागात त्याच्याही आधीपासूनचं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांतून आपल्यातल्या अनेकजणी शिकल्या, बऱ्या झाल्या. चर्चनं गर्भपाताच्या मुद्द्यावर मतदार उभे करून इथली निवडणूक फिरवली असं कधी झालेलं नाही. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे २५ टक्के. तिथं चर्चची सामाजिक न्यायाची समिती निवडणुकीआधी मतदारांना आवाहन करत आली आहे, पण तिचा भर असतो भ्रष्टाचार, जातीयवाद, जमिनी आणि पर्यावरण यांवर. गर्भपाताला चर्चचा विरोध आपल्या देशातही आहेच. १० ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे आपला कायदा झाला त्या तारखेला, कॅथलिक गटांनी दिल्लीत मोर्चा काढला. त्यांना तो हक्क आहे. मोर्चा काढणं, उपदेश करणं, 'आम्ही हे पाप मानतो' असं सांगणं हे लोकशाहीत बसतं.

काय बसत नाही, तेही कायद्यानं स्पष्ट केलंय. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कोणी धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. याच कलमात असंही आहे की अमक्याला मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल, धर्माचा ठपका येईल, असं मतदाराच्या मनात भरवणं हा गैरवाजवी दबाव. आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांचा प्रचारासाठी वापर करता येत नाही. या कलमाचे गाजलेले खटले आपल्याच राज्यातले. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत हिंदुत्वाच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्दच ठेवली. मुंबईच्याच १९९० च्या सांताक्रूझ निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ ला सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म पुढे करून मत मागता येणार नाही.

म्हणजे कायदा आहे. पण मैत्रिणींनो, कायदा फक्त मत मागणाऱ्याला अडवतो. आपली भाषा त्याच्यासाठी आधीच तयार होत असेल तर कायदा काय करणार?

'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द घ्या. कीर्तनात, शाळेच्या फलकावर, एसटीच्या पाठीवर, पथनाट्यात हाच शब्द. गर्भलिंगनिदानाच्या विरोधातली लढाई महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा लढली. १९८८ मध्ये या राज्यानं कायदा केला, १९९४ मध्ये देशानं. ती लढाई स्त्री-चळवळीची होती, आणि ती मुलींचा दुस्वास करणाऱ्या समाजाशी होती, गर्भपाताशी नव्हती. लिंग तपासणं हा गुन्हा. गर्भपात हा ठरावीक अटींत बाईचा कायदेशीर हक्क. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा असं चळवळीतल्या अनेकींनी तेव्हापासून सांगितलं. पण 'हत्या' हा शब्द सोपा, ठसकेबाज. तो चालू राहिला. आणि 'हत्या' म्हटलं की खुनी कोण? सोनोग्राफीवाला नाही, हुंडा घेणारा नाही, 'पोरगाच पाहिजे' म्हणणारा नवरा नाही. ज्या बाईच्या पोटात गर्भ आहे, ती.

२०१२ मध्ये परळीचं प्रकरण झालं. बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, डॉक्टर दांपत्याला अटक झाली, राज्यभर धाडी पडल्या. धाडी हव्याच होत्या. पण त्या धाकात बऱ्याच मेडिकल दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं आणि काही डॉक्टरांनी कायदेशीर गर्भपातसुद्धा नको म्हटलं. राज्यात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. म्हणजे मुली वाढल्या नाहीत आणि बाईची वाट मात्र अवघड झाली.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. निवडणुकीचा आणि गर्भपाताचा संबंध महाराष्ट्रात आहे आणि तो तुमच्या ग्रामपंचायतीत आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या व्यक्तीला आपल्याकडे स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. निवडून आल्यावर तिसरं मूल झालं तर पद जातं. कायदा पुरुषालाही लागू आहे, पण दिवस बाईला जातात. आणि आपल्याकडे अर्ध्या जागा महिलांसाठी राखीव. एका गावात, नाव घेत नाही, महिला राखीव जागेवर एक बाई निवडून आल्या. पदरी दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले. नवरा म्हणे खाली करून टाक, पद जाते. सासू म्हणे यावेळी पोरगा असला तर? मग तपासून घ्या. म्हणजे पद राखायचं तर गर्भ पाडायचा, वंश राखायचा तर लिंग तपासायचं. त्या बाईला काय पाहिजे होतं हे घरात कोणी विचारलं नाही. मला म्हणाल्या, "ताई, मले पदही पाहिजे होतं अन् लेकरूही. कोनी इचारलंच नाही वो."

मध्य प्रदेश आणि हिमाचल प्रदेश यांनी ही अट २००५ मध्ये काढली, आंध्र प्रदेशनं २०२४ मध्ये. एका बाजूनं कायदा म्हणतो दोनच. दुसऱ्या बाजूनं धर्माचे पुढारी म्हणतात आणखी. जानेवारी २०१५ मध्ये खासदार साक्षी महाराजांनी हिंदू बायकांना चार मुलं जन्माला घालायला सांगितलं. २०२१ मध्ये केरळच्या पाला धर्मप्रांतानं पाच किंवा अधिक मुलं असलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना महिना दीड हजार रुपये जाहीर केले. १ डिसेंबर २०२४ ला आपल्या नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, दोनाहून जास्त, तीन मुलं हवीत. धर्म वेगळे, आकडे वेगळे, पण हिशेब एकच. आपली डोकी किती, त्यांची किती. डोकी म्हणजे मतं. आणि ती डोकी जिनं जन्माला घालायची तिचं रक्त किती, तिला भाकर किती मिळते, याचा हिशेब त्या भाषणांत येत नाही.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. आपल्या एका गटातल्या ख्रिस्ती बहिणीनं मला बैठकीनंतर बाजूला घेऊन विचारलं, "मला गर्भपात पाप वाटतं. मी स्वतः कधी करणार नाही. मग मी तुमच्यात बसू का?" मी म्हटलं, जरूर बसा. तुमचा विश्वास तुमचा. त्याप्रमाणे तुम्ही स्वतःचं आयुष्य जगा, त्याप्रमाणे मतही द्या; गुप्त मतदानात तुमच्या मनाचा हिशेब कोणी मागू शकत नाही. मी एवढंच विचारते की शेजारणीला बलात्कारातून दिवस गेले, किंवा तिचा जीव धोक्यात आला, तर पोलिसानं तिला पकडावं असं तुम्हाला वाटतं का? त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पकडावं असं नाही वाटत. कोणीतरी तिच्यासोबत असावं असं वाटतं." मैत्रिणींनो, या दोन वाक्यांत खूप अंतर आहे. धार्मिक बाईच्या मनातल्या करुणेला हाक मारून तिचं मत शिक्षेच्या कायद्याकडे वळवता येतं. ती करुणा आपल्याकडेही वळू शकते. पण आपण तिला मागासलेली म्हणून बाजूला बसवलं तर ती जिथं तिला मान मिळतो तिथंच जाईल.

म्हणून काय करायचं, ते सांगून थांबते.

पहिलं, कायदा घराघरात सांगा. आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ज्या समितीच्या अहवालावरून तो झाला तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं, बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही गटांतल्या बायकांना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर दोष असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यात लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. आणि हे तर पाठच करा : अठरा वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची सही लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. माझ्या पाहण्यात असा दवाखाना आहे जिथं 'मालकाची सही आणा' म्हणून बाईला दोनदा परत पाठवलं. आठवडे मोजणाऱ्या कायद्यात दोन फेऱ्या म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. आपला कायदाही पूर्ण नाही. निर्णय अजून डॉक्टरच्या 'मता'वर आहे, बाईच्या मागणीवर नाही. त्या अटींबाहेर गर्भपात आजही गुन्हाच; पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८८ व्या कलमात आहे.

दुसरं, शब्द बदला. 'स्त्रीभ्रूणहत्या' न म्हणता 'गर्भलिंगनिदान', 'लिंगनिवड' म्हणा. फलक रंगवताना, पथनाट्य बसवताना, कीर्तनकारांना विषय सुचवताना हे आग्रहानं सांगा.

तिसरं, तो तक्त्याचा कागद आपणही काढू शकतो. कोणाला मत द्या हे न सांगता प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जशीच्या तशी छापायची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गर्भपाताची सोय आठवड्यातून किती दिवस असते? तिथं प्रशिक्षित डॉक्टर आहे का? गुप्तता पाळली जाते का? दोन मुलांची अट काढण्याच्या बाजूनं तुम्ही आहात का? देशात २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांतले दवाखान्यात झालेले जेमतेम २२ टक्के. बाकीच्या बायका कुठं गेल्या, हा निवडणुकीचा प्रश्न नाही तर काय आहे?

चौथं, हे प्रश्न घेऊन चर्चच्या भगिनी मंडळात जा, भजनी मंडळात जा, विहारात जा, मुस्लिम मोहल्ल्यात जा. वाद जिंकायला नाही, बसून ऐकायला. त्या बोलतील, कारण ज्या गोष्टी त्या पाळकाला, महाराजाला, मौलवीला सांगू शकत नाहीत त्या त्यांच्या पोटात वर्षानुवर्षं पडून आहेत.

पुढच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत प्रश्नांचा हा कागद आपल्या पंधरा गावांत गेला पाहिजे. त्यावर कोणते प्रश्न घ्यायचे ते आज दुपारी गटांत बसून ठरवू. ज्या बहिणींना गर्भपात पाप वाटतो त्यांनीही गटात बसावं, आणि कागद पक्का होण्याआधी तो एकदा त्यांच्या हातात द्यावा, अशी माझी विनंती आहे.